गैरहजर स्वराचा छडा

चाळीसच्या दशकातली हेरकथा. पाऊस, ओला रस्ता, टोपी कपाळावर ओढलेला माणूस, आणि मागे नाक दाबून बोलल्यासारखं कुरकुरणारं ट्रम्पेट. ‘त्या काळचं संगीत’ म्हणून हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. गंमत अशी, की त्या काळात बनलेल्या बहुतेक हेरपटांना साथ असायची ती भल्यामोठ्या वाद्यवृंदाची. जॅझ असलाच तर दृश्यातल्या क्लबात किंवा रेडिओवर. पार्श्वसंगीतात तो रुळला पन्नासच्या दशकात. १९३७ चं लॉस एंजेलिस दाखवणाऱ्या ‘चायनाटाउन’ला एकाकी ट्रम्पेट मिळालं ते १९७४ साली. जेरी गोल्डस्मिथनं ते सगळं संगीत १० दिवसांत लिहिलं होतं.

असो. मला बोलायचंय ते त्या नाक दाबलेल्या आवाजाबद्दल.

ट्रम्पेटच्या पुढच्या रुंद तोंडात बसवायचा धातूचा एक पोकळ डबा असतो, हार्मन म्यूट. त्याच्याभोवती बुचाचं सलग कडं असल्यामुळे कुठे फट राहत नाही; सगळी हवा डब्यात शिरून पलीकडच्या भोकातूनच बाहेर पडते. आवाज त्यामुळे लहान तर होतोच, पण जातही बदलतो. २२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २२० कंपनांचा, सूर म्हणजे एकटं २२० नव्हे. ४४०, ६६०, ८८०, ११०० अशी पटीतली अख्खी रांग त्यात असते. डबा या रांगेतले खालचे घटक पार क्षीण करतो, वरचे मात्र निसटतात. आपली कर्णनलिका जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब. ती नेमकी ३००० हर्ट्झच्या आसपास घुमते. म्हणून तो आवाज कानाशी कुजबुजल्यासारखा वाटतो.

  

आता खरी केस. २२० जवळजवळ गायब, तरी आपल्याला सूर २२० चाच कसा लागतो?

पहिला संशयित कान. एकोणिसाव्या शतकातला जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याचं म्हणणं होतं की दोन स्वर कानात मिसळले की त्यांच्या वजाबाकीचा तिसरा स्वर तिथेच उमटतो. ११०० वजा ८८०, झाले २२०! पण तसं असेल, तर २२० च्या आसपासच्या पट्ट्यात मुद्दाम खरखर सोडल्यावर तो स्वर बुडायला हवा. १९५४ मध्ये लिकलायडर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं हे करून दाखवलं. खरखरीतही सूर कायम राहिला. मग १९७२ मध्ये हाउट्समा आणि गोल्डस्टाइन या संशोधकांनी एक घटक डाव्या कानात सोडला, दुसरा उजव्यात. कुठल्याच कानात वजाबाकीला जोडीदार नाही, तरी ऐकणाऱ्यांना मूळ सूर ओळखता आला. म्हणजे दोन्हीकडचे पुरावे जुळवून ‘हे सगळे कुणाच्या पटीतले?’ हा हिशेब मेंदूत होतो.

पडताळा घ्यायचा तर असा सिनेमा मोबाइलवर, हेडफोनशिवाय लावा. डबल बास या भल्यामोठ्या तंतुवाद्याची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झची. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला ती वारंवारिता झेपतच नाही, तरी हेराच्या पावलांमागे चालणारी बासची चाल तुम्हाला स्वरासकट कळते. मात्र मोठ्या स्पीकरवर छातीत जो धप्प असा ठोका जाणवतो, तो काही मेंदूला घरच्या घरी बनवता येत नाही.