देवभेट (ख्रिस्ती परंपरा)

देवभेट : देवाच्या सान्निध्याचा थेट अनुभव येऊन माणसाच्या जगण्याची दिशा बदलणे, या अर्थाची ख्रिस्ती धर्मातील एक मूलभूत कल्पना. मराठीत ‘देवाची भेट’ म्हटले की आधी पंढरपूर आठवते. तिथे भक्त देवाकडे चालत जातो. ख्रिस्ती कथांमध्ये बहुधा उलटे घडते. माणूस भलत्याच कामाला निघालेला असतो आणि देव त्याला मध्येच गाठतो. कोणी मेंढरे राखत असतो, कोणी पाणी भरायला आलेली असते, कोणी तर ख्रिस्ती लोकांना धरून आणायला निघालेला असतो.

मराठी ख्रिस्ती बोलीत या अनुभवासाठी अनेक शब्द आहेत. ‘प्रभूचा स्पर्श झाला’, ‘तारण झाले’, ‘नवा जन्म झाला’ हे प्रॉटेस्टंट व पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणाऱ्या) मंडळींमध्ये, म्हणजे स्थानिक चर्चच्या समुदायांमध्ये, रोज कानावर पडणारे शब्द. भेटीची हकिकत मंडळीसमोर सांगणे म्हणजे ‘साक्ष देणे’. ‘दृष्टांत’ या शब्दापाशी मात्र बाहेरचा वाचक हमखास अडखळतो. शाळेत तो एक अलंकार म्हणून शिकवला जातो, तर मराठी बायबलमध्ये त्याचा अर्थ देवाने दाखवलेले दृश्य असा आहे.

बायबलमधील प्रसंग

‘उत्पत्ति’च्या बत्तिसाव्या अध्यायात याकोब याब्बोक नदीच्या उताराजवळ रात्रभर एका अनोळखी पुरुषाशी झुंजतो. पहाटे त्याला इस्राएल हे नवे नाव मिळते, पण मांडीचा सांधा निखळतो आणि तो लंगडत निघतो. भेटीची खूण म्हणून अंगावर उरते ती ही दुखापत. ‘निर्गम’मध्ये सासऱ्याची मेंढरे चारणाऱ्या मोशेला होरेब डोंगरावर पेटलेले पण जळून न जाणारे झुडूप दिसते. त्याच डोंगरावर पुढे एलीया संदेष्टा जीव वाचवायला पळून येतो. तिथे वादळ होते, भूकंप होतो, अग्नी येतो, आणि तिन्हींत परमेश्वर नसतो. नंतर येते ती मंद वाणी. ही गोष्ट सांगताना बहुतेक जण मंद वाणीपाशीच थांबतात. मूळ कथेत मात्र ती वाणी एलीयाला आल्या वाटेने परत पाठवते आणि हातात कामांची यादीच ठेवते : अमक्याला राजा म्हणून अभिषेक कर, तमक्याला तुझ्या जागी संदेष्टा नेम.

शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या पुस्तकांत, भेटी रोजच्या व्यवहारात होतात. विहिरीवर येशूशी बोलल्यावर शोमरोनी स्त्री आपली घागर तिथेच टाकून गावात धावते. यरीहोचा जकातदार जक्कय झाडावरून उतरतो आणि अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे, ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे कबूल करतो. जक्कयने येशूचे आनंदाने स्वागत केले, यापलीकडे त्याला काय वाटले याबद्दल शुभवर्तमानकार लूक काही लिहीत नाही. हिशेब तेवढा देतो. लूकच्याच चोविसाव्या अध्यायात दोन शिष्य यरुशलेमहून अम्माऊस गावाकडे, म्हणजे साधारण अकरा किलोमीटर, हताश होऊन चालले आहेत. सोबत चालणारा येशू त्यांना ओळखू येत नाही. जेवायला बसून तो भाकर मोडतो तेव्हा ओळख पटते आणि त्याच क्षणी तो दिसेनासा होतो. दोघे त्याच रात्री यरुशलेमला परततात.

पौल

या कल्पनेचा नमुना ठरला तो दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवरचा प्रसंग. ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा तार्सचा शौल वाटेत लख्ख प्रकाशाने खाली पडतो, ‘माझा छळ का करतोस’ अशी वाणी ऐकतो, तीन दिवस आंधळा राहतो. हनन्या नावाचा शिष्य, ज्याला शौलाची भीती वाटणे साहजिक होते, त्याच्याकडे जाऊन त्याला ‘भाऊ’ म्हणतो, मग दृष्टी परत येते. हाच शौल पुढे पौल या नावाने ओळखला गेला. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात ही हकिकत तीनदा येते (अध्याय ९, २२ आणि २६) आणि तपशील तंतोतंत जुळत नाहीत. एका ठिकाणी सोबत्यांना वाणी ऐकू येते पण कोणी दिसत नाही. दुसरीकडे त्यांना प्रकाश दिसतो, पण वाणी ऐकू येत नाही. स्वतः पौल गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात एवढेच म्हणतो की देवाने आपला पुत्र माझ्या ठायी प्रकट केला आणि मी अरबस्तानात गेलो. प्रकाश नाही, पडणे नाही. घोडा तर कुठेच नाही. इटालियन चित्रकार कॅराव्हाजिओने १६०१ च्या सुमारास रोमच्या सांता मारिया देल पोपोलो या चर्चसाठी काढलेल्या चित्रात घोड्याने जवळजवळ सगळी जागा व्यापली आहे. आपल्या मनातला ‘घोड्यावरून पडलेला पौल’ अशाच चित्रांतून आला.

नंतरच्या नोंदी

पुढे संत म्हणून ओळखल्या गेलेल्या ऑगस्टीनला इ. स. ३८६ मध्ये मिलानच्या एका बागेत ‘घे आणि वाच’ असे लहान मुलाचे शब्द ऐकू आले. त्याने रोमकरांस पत्र उघडले, पहिल्याच नजरेला पडलेले वाचले, आणि ३८७ च्या ईस्टरला बाप्तिस्मा घेतला. स्पॅनिश सरदार इग्नेशियस लोयोलाचा पाय १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या वेढ्यात तोफगोळ्याने मोडला. अंथरुणावर वाचायला त्याला शूर सरदारांच्या प्रेमकथा हव्या होत्या, घरात मिळाली ख्रिस्ताचे आणि संतांचे चरित्र सांगणारी पुस्तके, आणि त्या वाचनाने त्याची दिशा बदलली. इंग्लिश धर्मोपदेशक जॉन वेस्ली २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या सभेला मनाविरुद्ध गेला होता. पावणेनऊच्या सुमारास कोणी धर्मसुधारक ल्यूथरची रोमकरांस पत्रावरील प्रस्तावना वाचत असताना हृदयात विलक्षण ऊब जाणवल्याचे त्याने रोजनिशीत टिपले. त्याच्यापासून सुरू झालेल्या मेथॉडिस्ट चळवळीत त्या संध्याकाळची आठवण अजून काढतात.

भारतातील आणि महाराष्ट्रातील प्रसंग

भारतातल्या या कथांमध्ये आगगाडी वारंवार येते. पंजाबातल्या शीख घराण्यात जन्मलेला सुंदरसिंग डिसेंबर १९०४ मध्ये ठरवून बसला होता की रात्रीत देवाने उत्तर दिले नाही तर पहाटेच्या गाडीखाली जीव द्यायचा. गाडी येण्याआधी खोलीत ख्रिस्ताचे दर्शन झाले असे तो सांगे. पुढच्याच वर्षी सिमल्यात त्याने बाप्तिस्मा घेतला आणि भगवी वस्त्रे घालून साधू म्हणून फिरू लागला. मदर तेरेसांना १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाणाऱ्या गाडीत कॉन्व्हेंट सोडून गरिबांत राहण्याची हाक जाणवली.

मराठी वाचकाच्या ओळखीची गाडी राजनांदगावची. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) १८९३ मध्ये नोकरीसाठी तिकडे निघाले होते. डब्यातल्या एका गोऱ्या सहप्रवाशाशी धर्मावर बोलणे निघाले. उतरण्यापूर्वी त्याने टिळकांना नवा करार दिला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे सांगून गेला. टिळकांनी तेव्हा ते मनावर घेतले नाही. पुस्तक मात्र वाचायला घेतले, आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायात सुरू होणाऱ्या डोंगरावरील प्रवचनापाशी खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. गाडीतली भेट एका प्रवासापुरती, त्यानंतरचे वाचन आणि तळमळ दोन वर्षांची. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असे ते पुढे सांगत. त्यांच्यापुरते पंढरपूर आणि दिमिष्क एकाच वाटेवर होते.

या बदलाची किंमत लक्ष्मीबाई टिळकांनी मोजली. काही वर्षे नवऱ्यापासून दूर काढली, पुन्हा एकत्र आल्यावरही आपले सोवळे सांभाळले. मग जातिभेद माणसाने केला की देवाने, या एका प्रश्नाचा विचार करता करता सोवळे मनातून गळून पडले. टिळकांनंतर पाच वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये हे सारे त्या स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगतात, प्रकाशझोत कुठेच नाही. बाबा पदमनजी यांनीही आपल्या धर्मांतराच्या आत्मकथेला ‘अरुणोदय’ (१८८८) असे नाव दिले. अरुणोदय म्हणजे हळूहळू उजाडणे. मराठीतल्या या दोन मोठ्या साक्षी दिमिष्कापेक्षा अम्माऊसच्या जास्त जवळच्या आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या बाबतीत दोन तारखा वेगळ्या ठेवाव्या लागतात, कारण त्यांनी स्वतःच त्या वेगळ्या ठेवल्या. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. पण आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, आणि हे उमगायला आठ वर्षे गेली, असे त्यांनी १९०७ च्या आपल्या साक्षीत लिहिले आहे. बाप्तिस्म्यालाच देवभेट समजणाऱ्यांना हे वाक्य अडचणीचे आहे.

त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे घडले ते सामूहिक देवभेटीचे भारतातले सर्वात गाजलेले उदाहरण. वेल्समधल्या संजीवनाच्या, म्हणजे सामूहिक धार्मिक जागृतीच्या, बातम्या येत होत्या. रमाबाईंनी वर्षाच्या सुरुवातीपासून आश्रमात रोजच्या खास प्रार्थना सुरू केल्या आणि प्रार्थनेला बसणाऱ्या मुलींची संख्या काही महिन्यांत साडेपाचशेच्या घरात गेली. जूनच्या अखेरीस एका पहाटे एक मुलगी जागी झाली ती अंगात अग्नी उतरल्याच्या जाणिवेने. शेजारच्या बाईला तिच्याभोवती ज्वाळा दिसल्या. बाई धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली आणि ओतणार तोच लक्षात आले की मुलगी पेटलेली नाही. पुढचे दिवस रडणे, पापांची कबुली, मोठमोठ्याने प्रार्थना, मग हसू आणि गाणी असे गेले. यात दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली होत्या, विधवा होत्या. बहुतेकींच्या बोलण्याला तोवर कोणी किंमत दिली नव्हती. यानंतर त्यांतल्या अनेकजणी टोळ्या करून आसपासच्या गावांत सांगायला जाऊ लागल्या. आश्रमातल्या अमेरिकन सहकारी मिनी अब्राम्स यांनी या घटनांवर लिहिलेली पुस्तिका चिलीतल्या वालपाराइसो येथे त्यांच्या मैत्रिणीकडे पोचली, आणि १९०९ मध्ये तिथे सुरू झालेल्या पेंटेकॉस्टल चळवळीला तिचा हातभार लागला. या चळवळीचा इतिहास सहसा लॉस एंजलिसच्या अझुसा स्ट्रीटपासून, म्हणजे एप्रिल १९०६ पासून, सांगतात. केडगाव त्याच्या आधीचे.

रोजच्या जगण्यात

भेट एकदाच व्हावी असे कोणी म्हटलेले नाही. ब्रदर लॉरेन्स (मृत्यू १६९१) या फ्रेंच मठवासीला अठराव्या वर्षी हिवाळ्यातले निष्पर्ण झाड पाहून, याला पुन्हा पालवी फुटणार या विचारातून, देवाची जाणीव झाली. पुढे पॅरिसच्या मठात त्याला अनेक वर्षे स्वयंपाकघराचे काम मिळाले. ते त्याला मुळीच आवडत नसे. तरीही भांड्यांच्या खणखणाटात आणि चार जणांच्या हाकांत आपण प्रार्थनेइतकेच देवाजवळ असतो, असे तो सांगे. स्पॅनिश संत आविलाच्या तेरेसाने त्याच्या आधीच्या शतकात आपल्या भगिनींना तेच सांगितले होते : स्वयंपाकघरात असाल तर देव तिथल्या भांड्याकुंड्यांतही वावरतो.

इग्नेशियसने यासाठी पद्धतच घालून दिली. दिवसाअखेरी शांत बसायचे, सकाळपासूनचा दिवस डोळ्यांपुढून न्यायचा, देव कुठे जवळ आला आणि आपण कुठे पाठ फिरवली ते पाहायचे. गोव्यात १५४२ मध्ये उतरलेला फ्रान्सिस झेवियर त्याच्याच पहिल्या साथीदारांपैकी. इग्नेशियसच्या येशूसंघाचे (जेझुइट) सदस्य आजही ही पद्धत पाळतात. प्रॉटेस्टंट घरांत तिची जागा पहाटेचे बायबलवाचन आणि रात्रीची कौटुंबिक प्रार्थना घेते. मराठी मंडळ्यांतल्या साक्षीही बहुतेक अशाच घरगुती असतात : दारू सुटली, भावाशी अबोला मिटला, ऑपरेशनच्या आदल्या रात्री झोप लागली.

पारख आणि टीका

अनुभव देवाचा की मनाचा, हा प्रश्न चर्चने बाहेरच्या टीकाकारांच्या आधी विचारला. तीव्रता हा पुरावा धरला जात नाही. आजारपणात इग्नेशियसला आढळले की शौर्याची दिवास्वप्ने रंगेपर्यंत गोड लागतात आणि नंतर मन कोरडे पडते, तर संतांसारखे जगण्याचा विचार मागे समाधान ठेवून जातो. विवेकाचे त्याचे नियम या निरीक्षणावर उभे आहेत. दुसरी कसोटी फळांची : माणूस अधिक नम्र, अधिक प्रेमळ झाला का?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स याने १९०२ मध्ये अशा अनुभवांची चार लक्षणे सांगितली : शब्दांत न मावणे, काही ज्ञान मिळाल्याची खात्री, थोडकाच काळ टिकणे, आणि ते आपण घडवले नाही, आपल्यावर घडले ही भावना. इतिहासकारांची हरकत वेगळी आहे. ऑगस्टीनने बागेतला प्रसंग दहाएक वर्षांनी लिहिला. साक्ष नेहमी मागे वळून सांगितली जाते आणि सांगता सांगता ती पौलाच्या साच्यात बसत जाते. हे बऱ्याच अंशी खरे आहे. मंडळीत दोन-चार वर्षे साक्षी ऐकलेल्या कोणालाही तो साचा ओळखता येतो.

भेटीनंतर देव जणू गप्प होतो, हेही परंपरेला ठाऊक आहे. सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश संत क्रूसाच्या योहानाने त्या अवस्थेला ‘अंधारी रात्र’ म्हटले. मदर तेरेसांची पत्रे २००७ मध्ये छापली गेली तेव्हा कळले की गाडीतल्या त्या हाकेनंतर काही काळातच देव जाणवेनासा झाला आणि ही कोरड अनेक दशके टिकली. काम त्यांनी थांबवले नाही.

साक्ष न देणारेही असतात. फ्रेंच गणिती ब्लेझ पास्कल याला २३ नोव्हेंबर १६५४ रोजी रात्री साडेदहाच्या सुमारापासून साडेबारापर्यंत काही अनुभव आला. त्याने वेळेसकट तो टिपून ठेवला : ‘अग्नी’, आणि खाली अब्राहामाचा, इसहाकाचा, याकोबाचा देव, तत्त्ववेत्त्यांचा आणि विद्वानांचा नव्हे. याची वाच्यता त्याने जन्मभर केली नाही. १६६२ मध्ये तो वारल्यावर नोकराला त्याच्या कोटाच्या अस्तरात काहीतरी जाड लागले. उसवून पाहिले तर आत तो मजकूर शिवलेला होता.