मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय

परळ (मुंबई) येथील पशुवैद्यक शिक्षण व संशोधन संस्था. स्थापना १८८६. सध्या नागपूर येथे मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे (स्थापना २०००) घटक महाविद्यालय. त्याआधी ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे होते. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचे रुग्णालय, म्हणजे मुंबईकरांचा ‘बैलघोडा’ दवाखाना, याच आवारात आहे. हे रुग्णालय १८८३-८४ च्या सुमारास पेटिट घराण्याच्या देणगीतून उभे राहिले.

‘भारतातील सर्वांत जुने’ हे विशेषण सरसकट लावले जाते, पण ते जपून वापरावे. पुण्याची लष्करी पशुवैद्यक शाळा (१८६२) व लाहोरचे महाविद्यालय (१८८२) कालक्रमाने आधीची. पुण्याची शाळा टिकली नाही आणि लाहोर आज पाकिस्तानात आहे. त्यामुळे आजच्या भारतात चालू असलेल्या नागरी पशुवैद्यक महाविद्यालयांपुरता हा दावा मान्य करण्यास हरकत नसावी. कलकत्ता (१८९३) व मद्रास (१९०३) येथील महाविद्यालये नंतरची.

पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील (मृ. १८९१) यांचे नाव सर्रा या घोडे-उंटांना होणाऱ्या रोगाच्या इतिहासात येते, तेही एका चुकीच्या निदानाने. ब्रिटिश लष्करी पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये डेरा इस्माईल खान (आज पाकिस्तानात) येथे आजारी घोडे व उंटांच्या रक्तात वळवळणारा परजीवी पाहिला. रक्ताचा ताजा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला की तांबड्या पेशी ढुसण्या बसल्यासारख्या हलतात. त्या हालचालीमागे हा जीव असतो. रोगाचे मूळ तोच, हे इव्हान्स यांचे मत तेव्हाच्या वरिष्ठांना पटले नाही. स्टील यांनी १८८५ मध्ये ब्रह्मदेशातील लष्करी खेचरांत तोच जीव पाहिला. मात्र ताप उतरतो आणि पुन्हा चढतो, यावरून त्यांनी त्याला माणसातील पुनरावर्ती ज्वराच्या जंतूचा सोयरा मानून ‘स्पायरोकीटा इव्हान्सी’ असे नाव दिले. आज तो ‘ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी’ म्हणून ओळखला जातो. वंश (नावाचा पहिला भाग) बदलला, तरी स्टील यांनी दिलेले ‘इव्हान्सी’ हे जातिनाम टिकले. रोग टॅबॅनस वंशाच्या चावऱ्या माश्यांमार्फत पसरतो, हे लेनर्ड रॉजर्स यांनी १९०१ मध्ये दाखविले. या साऱ्यात महाविद्यालयाचा थेट वाटा थोडाच, कारण स्टील यांचे हे काम स्थापनेपूर्वीचे आहे.

सुरुवातीला येथे ‘जी.बी.व्ही.सी.’ (ग्रॅज्युएट ऑफ द बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज) ही पदविका मिळे. जुन्या पशुवैद्यांच्या नावापुढे ही अक्षरे आढळतात. पुढे पदवी व पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले. गोरेगाव येथे महाविद्यालयाचा पशुधन प्रक्षेत्र आहे.