कापसाचे गणित ब्राझीलने कसे मांडून घेतले

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क तात्पुरते उठवले आणि त्या हंगामात भाव कितीने पडेल, हा प्रश्न खानदेशात साहजिकच उभा राहिला. खेडा खरेदीच्या काट्यावर ओलाव्याची कट्टी, म्हणजे ओलाव्यापोटीची कपात, डोळ्यांदेखत होते. सरकारी निर्णयाने झालेली घट तशी दिसत नाही, ती आकडेमोड करूनच काढावी लागते. सरकारांना अशी आकडेमोड करून देणारे अर्थतज्ज्ञ आहेत, आणि अनेकदा ते परक्या सरकारासाठी काम करतात.

अख्ख्या देशाचा व्यवहार समीकरणांत बसवण्याचा पहिला प्रयत्न नेदरलँड्सच्या यान टिनबर्गेन यांनी १९३६ साली केला. पुढे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ते आणि नॉर्वेचे राग्नार फ्रिश कोलकात्याला येऊन गेले; दुसऱ्या पंचवार्षिक योजनेची जुळवाजुळव तेव्हा चालू होती. अर्थतज्ज्ञ बिल फिलिप्स यांनी १९४९ मध्ये नळ्यांतून रंगीत पाणी फिरवून अर्थव्यवस्था दाखवणारे यंत्र बनवले, त्यातले एक ग्वाटेमालाच्या मध्यवर्ती बँकेने विकत घेतले. मग संगणक आले आणि हा एक व्यवसायच झाला.

खानदेशासाठी यातले मोलाचे प्रकरण ब्राझीलचे. २००१-०२ च्या हंगामात जागतिक बाजारात रुई पौंडाला ४० सेंटच्याही खाली गेली होती. अमेरिकेतल्या शेतकऱ्याला मात्र कायद्याने ५२ सेंटचा आधार होता, त्यामुळे पेरा कमी करायचे त्याला कारणच नव्हते. महाराष्ट्रात तेव्हा एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस राज्यानेच विकत घ्यायचा. हमी भावाने घेतलेला कापूस पडत्या बाजारात विकताना तोटा राज्याच्या अंगावर आला.

सप्टेंबर २००२ मध्ये ब्राझीलने अमेरिकेच्या या कापूस अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. अनुदानाने भाव पडतो हे कोणीही म्हणेल, पण किती पडतो हे दाखवायला ब्राझीलने डॅनियल समनर यांना नेमले. ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रातले प्राध्यापक, आणि एकेकाळी अमेरिकेच्याच कृषी खात्यात वरच्या पदावर होते. अनुदान काढले तर कापसाखालचे किती एकर सुटतील, निर्यात किती घटेल, माल कमी आल्यावर गिरण्या किती जास्त मोजतील, अशी साखळी त्यांनी मांडली. उत्तर आले : १९९९ ते २००२ च्या हंगामांत जागतिक भाव सरासरी १२.६ टक्के चढा राहिला असता. स्वतःच्या देशातल्या शेतकरी संघटनांचा रोष ओढवून घेत त्यांनी हे काम केले, याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो.

अमेरिकेने या मॉडेलची गृहीतके एकेक करून खोडायचा प्रयत्न केला. ते योग्यच होते. भाव हलला की पेरा किती हलतो, हा एक आकडा बदलला तरी उत्तर बदलते, म्हणून गृहीतके उघड्यावर तपासली गेलीच पाहिजेत. निवाडा मंडळाने १२.६ हा आकडा जसाच्या तसा उचलला नाही, पण अनुदानाने भाव दबले हे मान्य केले. मार्च २००५ मध्ये अपिलातही ते टिकले.

भारत या खटल्यात त्रयस्थ पक्ष म्हणून हजर होता. झळ आपल्यालाही बसत होती, पण वकील आणि अर्थतज्ज्ञ ब्राझीलने लावले होते, खर्च ब्राझीलने केला होता आणि नुकसानीचा हिशेबही ब्राझीलचाच मांडला गेला. २०१४ साली तडजोड झाली, तेव्हा अमेरिकेने द्यायचे ठरवलेले ३० कोटी डॉलर ब्राझीलच्या कापूस संस्थेकडे गेले.