दुब्ल तुर्नुआ: राजाचं की राजाच्या भावाचं?

सतराव्या शतकातल्या फ्रेंच तांब्याच्या मिश्र लॉटमध्ये दुब्ल तुर्नुआ नावाचं नाणं हमखास निघतं. किंमत दोन दनिए (दनिए म्हणजे तेव्हाचं फ्रेंच सुटं नाणं), व्यास साधारण 20 मिमी, वजन 3 ग्रॅमच्या आसपास. सहा दुब्ल म्हणजे बारा दनिएंचा एक सोल. एका बाजूला चेहरा, दुसऱ्या बाजूला तीन लिलीची फुलं. विक्रेते सरसकट ‘तेरावा लुई’ (तेव्हाचा फ्रान्सचा राजा) अशी चिठ्ठी चिकटवतात, आणि तिथेच फसगत होते. त्यातली काही नाणी लुईचा धाकटा भाऊ गास्तों याने दोंब या छोट्या संस्थानासाठी तिथल्याच त्रेवू गावच्या टांकसाळीत पाडलेली असतात. (दोंबची मालकी खरं तर त्याच्या मुलीची, तिला ती आईकडून मिळाली होती. बापाकडे फक्त उपभोगाचा हक्क.)

हे साम्य मुद्दामच ठेवलेलं. तांब्याच्या भावापेक्षा नाण्याची दर्शनी किंमत जास्त, म्हणून आपलं नाणं फ्रान्सच्या बाजारात बिनबोभाट खपलं की नफा. मागच्या बाजूचा ‘डीओव्हीबीएलई टीओव्हीआरएनओआयएस’ हा मजकूरही दोघांचा तोच (‘यू’च्या जागी ‘व्ही’ कोरायची तेव्हाची रीत). त्यामुळे निकाल लागतो तो चेहऱ्याभोवतीच्या अक्षरांवर.

लुईच्या नाण्यावर ‘एलओवायएस’ किंवा ‘एलओव्हीआयएस’, पुढे रोमन तेरा, आणि शेवटी राजाच्याच दुसऱ्या, नवार राज्याचं ‘एनएव्ही’. गास्तोंचा मजकूर ‘जीएएसटीओएन’ने सुरू होतो, मध्ये उपभोगहक्काचं ‘व्हीएसव्ही’ येतं आणि शेवट ‘डीओएम’. नाव झिजलं असेल तर ही शेपटी शोधा. टांकसाळीच्या अक्षराकडे (नाणं कुठे पाडलं ते सांगणारी खूण) त्यानंतर वळा.

मागे ‘सेदां’ वाचता आलं तर नाणं दोघांचंही नाही, ते तिसऱ्याच संस्थानाचं. तीनऐवजी दोनच लिली आणि वजन निम्मं असेल, तर ते दनिए.

अक्षरं दिसत नसतील तर दिवा बाजूने, जवळजवळ आडवा धरा आणि दहापट भिंगाखाली नाणं सावकाश फिरवा. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये काही दिवस भिजवा, पाणी रोज बदला, आणि लाकडी टूथपिकने माती हलकेच सोडवा. घरच्या तांब्या-पितळेसारखं चिंच-मिठाने मात्र घासू नका. झिजलेल्या नाण्यावर उरलीसुरली अक्षरं बऱ्याचदा गडद थरातच टिकलेली असतात. आंबटाने तो थर विरघळला की खाली नुसतं गुलाबी तांबं उरतं. शिवाय मिठातलं क्लोराइड धातूत राहतं आणि कोकणातल्या पावसाळी हवेत फिकट हिरवी भुकटी होऊन फुटतं.