जातं, घाणी आणि कल्हई: ‘हेरिटेज व्हिलेज’ आलं कुठून?

शनिवार-रविवारी शहराबाहेरच्या एखाद्या ‘हेरिटेज व्हिलेज’मध्ये गेलं की क्रम साधारण ठरलेला असतो. दारात कुंकू लागतं, पुरुषांना फेटे बांधले जातात, कुंभार पोरांना चाकावर एकेक पणती वळू देतो, विणकर दोन-चार धोटे टाकून दाखवतो, आणि मग सगळी मंडळी ज्यासाठी आलेली असतात त्या जेवणाकडे वळतात. बाजरीची भाकरी, लोणी, गूळ, ठेचा. पोटभर जेवण आणि दोनशे फोटो घेऊन माणसं घरी येतात.

हा प्रकार रिसॉर्टवाल्यांनी काढला असं आपण धरून चालतो. खरं तर त्याच्यामागे दीडेक शतकाचा इतिहास आहे, आणि त्यातली दोन महत्त्वाची ठिकाणं महाराष्ट्रात आहेत. खानदेशातलं फैजपूर आणि वर्धा.

कारागिराला लोकांसमोर बसवून काम करून दाखवायला लावायची रीत साहेबाच्या काळात रुजली. 1886 मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला ‘कलोनियल अँड इंडियन एक्झिबिशन’ भरलं. तिथे हिंदुस्थानातून नेलेले 34 कारागीर रोज प्रेक्षकांपुढे विणत, घडवत, कोरत बसायचे. पिढीजात कसबी म्हणून लोक त्यांना बघत होते. प्रत्यक्षात त्यातले बरेचसे आग्र्याच्या तुरुंगातले होते आणि काम तिथेच शिकले होते. बक्षीराम नावाचे म्हातारे कुंभार त्यांच्यात होते. त्यांचं वय 102 आहे असं सांगितलं जाई. व्हिक्टोरिया राणीने यातल्या काही जणांची चित्रं काढून घेतली, ती आजही राजघराण्याच्या संग्रहात आहेत. तुरुंगाच्या आवारात शिकवलेली कला ‘अस्सल परंपरा’ म्हणून तिकीट लावून दाखवायची, ही युक्ती तेव्हापासूनची आहे हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

युरोपात पाच वर्षांनी दुसरी गोष्ट घडली. कारखानदारीच्या लाटेत स्वीडनमधली जुनी लाकडी घरं, पोशाख, अवजारं झपाट्याने जात होती. आर्टुर हाझेलियस या गृहस्थाने ती घरं मूळ जागेवरून उचलून स्टॉकहोममध्ये पुन्हा उभी केली आणि 1891 मध्ये ‘स्कान्सेन’ हे उघड्यावरचं संग्रहालय सुरू झालं. जगभरच्या ‘खेडं-संग्रहालयां’ना ओळखीचा नमुना मिळाला तो इथून. जे संपत चाललंय ते जपायचं, हा त्याचा विचार.

आपल्याकडे सुरुवात मात्र उलट्या टोकाने झाली. खेडं संपलंय असं इथे कुणी मानत नव्हतं. ते चालू राहायला हवं, त्याला गिऱ्हाईक हवं, हा मुद्दा होता. 1934 च्या डिसेंबरात वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी बाग दिली, तिचं नाव मगनवाडी पडलं, आणि अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा संघाचे सचिव झाले. संघाच्या कामांची यादी आज वाचली तर एखाद्या सेंद्रिय दुकानाची पाटी वाटेल: हातसडीचा तांदूळ, जात्यावरचं पीठ, बैलघाणीचं तेल, गूळ, मधमाशापालन, हातकागद. म्हणजे अन्न यात पहिल्या दिवसापासून होतं, तेही उद्योग म्हणून. गिरणीत पॉलिश केलेला तांदूळ खाल्ला की कोंड्यातलं सत्त्व जातं आणि कांडणाऱ्या बाईची मजुरीही जाते, अशी ती मांडणी होती. चव हा त्यात फारसा चर्चेचा विषय नसे. मगनवाडीत रॉकेलऐवजी वनस्पतिज तेलावर जळणारा ‘मगनदीप’ नावाचा कंदीलही तयार झाला होता, कारण घाणीच्या तेलाला गावातच आणखी एक खप हवा होता.

1936 च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं. खेड्यात भरलेलं हे पहिलंच अधिवेशन. तोवरचे मंडप मोठ्या शहरांत, भाड्याच्या शामियान्यांत. इथे गांधीजींनी शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावून घेतलं आणि अट घातली की सजावट गावात मिळतं त्याच सामानाची, गावकऱ्यांच्याच हातांनी करायची. बोसांनी बांबू घेतला. कमानी, कुंपणं, मंडप, सगळं बांबूचं आणि चटयांचं. नेहरू अध्यक्ष होते, त्यांना सजवलेल्या बैलांच्या रथातून नेलं. धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी यांच्यासारखी खानदेशातली माणसं तयारीत राबली. अधिवेशनाला जोडून खादी-ग्रामोद्योगांचं प्रदर्शन होतं, त्याचं उद्घाटन गांधीजींनी केलं. शेतकऱ्याने यावं, दुसऱ्या प्रांतातलं अवजार बघावं आणि घरी जाऊन तसं करून बघावं, ही अपेक्षा.

पुढच्याच टप्प्यावर हे प्रदर्शन कायमचं झालं. 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींनी वर्ध्यात मगन संग्रहालय उघडलं. मगनलाल गांधी हे खादीच्या तंत्रावर जीव ओतणारे कार्यकर्ते 1928 मध्ये गेले, त्यांच्या नावाने. चरखे, माग, घाण्या, गावोगावच्या हस्तकला. वस्तू मांडून ठेवल्या होत्या, पण कुणीतरी त्यावरून सुधारून दुसरी बनवावी म्हणून. भारतातल्या ‘हेरिटेज’ खेड्यांचा हा खरा आजोबा, आणि मराठी पर्यटकांच्या यादीत सेवाग्रामला जाता-जाता त्याला अर्धा तास मिळाला तरी पुष्कळ.

स्वातंत्र्यानंतर ही जबाबदारी सरकारकडे गेली. अखिल भारतीय हस्तकला मंडळ 1952 मध्ये स्थापन झालं, कमलादेवी चट्टोपाध्याय त्याच्या अध्यक्ष. मंडळाने जमवलेल्या नमुन्यांतून 1956 मध्ये दिल्लीचं क्राफ्ट्स म्युझियम सुरू झालं. आज तिथे गेल्यावर जे गाव दिसतं, कुलूचं लाकडी घर, कच्छच्या बन्नीतली ‘भुंगा’ म्हणतात ती मातीची गोल घरं, निकोबारची गोल झोपडी, ते मुळात संग्रहालयाचं नव्हतंच. 1972 मध्ये प्रगती मैदानावर ‘एशिया 72’ हे व्यापारी प्रदर्शन भरलं, त्यासाठी वेगवेगळ्या भागांतले गवंडी-सुतार आणून तात्पुरती घरं बांधली होती. प्रदर्शन संपल्यावर ती पाडवेनात, म्हणून राहिली. त्यांच्याभोवती वास्तुकार चार्ल्स कोरियांनी संग्रहालयाची ठेंगणी, अंगणांची इमारत रचली. ज्योतींद्र जैन संचालक असताना, 1984 पासून, देशभरचे कारागीर पाळीपाळीने येऊन तिथे काम करत आणि माल थेट विकत. मध्ये दलाल नाही. मगनवाडीच्या विचाराशी नातं सांगणारी ही शेवटची मोठी सरकारी व्यवस्था म्हणावी लागेल.

याच दरम्यान गाडी ताटाकडे वळली, आणि ती वळली अहमदाबादेत. 1978 मध्ये सुरेंद्र पटेल यांनी वासणा भागात ‘विशाला’ सुरू केलं. मातीच्या भिंती, कंदील, जमिनीवर बैठक, पत्रावळ, रोटला, पांढरं लोणी. शहरातल्या माणसाने पैसे देऊन गावचं जेवण गावच्या पद्धतीने जेवावं, ही कल्पना तेव्हा विचित्रच वाटली असणार. पण विशालाची खरी कमाई आहे ती शेजारचं ‘वेचार’ हे भांड्यांचं संग्रहालय. 1981 मध्ये ते झालं, ज्योतींद्र जैन यांच्याच मदतीने. साडेचार हजारांच्या वर भांडी: घागरी, पानाचे डबे, अडकित्ते, माणूसभर उंचीची पातेली. स्वयंपाकघरातली भांडी हा बघायचा विषय आहे हे पुणेकरांना नवं नव्हतं, कारण चष्म्याच्या धंद्यातल्या दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारापासूनच अडकित्ते, दिवे, वज्र्या गोळा करत अख्खा वाडा भरला होता आणि 1975 मध्ये तो संग्रह सरकारला देऊन टाकला होता.

1981 हे साल योगायोगाचं नाही. साठ-सत्तरच्या दशकांत घरोघरी स्टेनलेस स्टील आलं. बोहारणीने जुन्या साड्यांवर स्टीलचा डबा दिला, आणि माळ्यावरची पितळी पातेली मोडीत गेली, वजनावर, नाव कोरलेल्या अक्षरांसकट. पण भांड्याआधी गेला तो कल्हईवाला. दुपारच्या वेळी ‘कल्हईऽऽ’ अशी आरोळी यायची. वाड्याच्या दारात तो खड्डा करून कोळसे पेटवायचा, हाताने भाता चालवायचा. पातेलं तापून तांबूस झालं की चिमूटभर नवसागर टाकायचा, भसकन पांढरा धूर उठायचा, आणि त्याच दमात कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने आतून फिरवली की काळं पितळ आरशासारखं चमकायचं. मग पाण्यात चर्रर्र. ही कल्हई नसेल तर पितळी भांड्यात आमटी कळकते, चिंच-कोकम घालायची सोय राहत नाही. स्टीलला कल्हई लागत नाही. कल्हईवाला यायचा थांबला तशी पितळी भांडी वापरणं अवघड झालं, आणि वापरात नसलेलं भांडं मोडीतच जातं.

संग्रहालयाने भांडं वाचवलं. कल्हईवाल्याला वाचवणं त्याच्या हातात नव्हतं, कारण काचेमागच्या पातेल्यात कुणी आमटी करत नाही. मला या साऱ्या इतिहासात हाच सांधा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फैजपूरला वस्तू मांडली जायची ती वापरात राहावी म्हणून. ऐंशीनंतर ती मांडली जाऊ लागली ती वापरातून गेली म्हणून. फैजपूरनंतर चाळीस-पन्नास वर्षांनी आपण स्कान्सेनच्या विचाराला पोहोचलो.

त्यापुढचा प्रवास वेगाने झाला. पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचं शिल्पग्राम 1989 मध्ये उदयपूरजवळ हवाला गावी उघडलं. राजस्थान-गुजरातच्या झोपड्यांबरोबर तिथे वारली घर आहे, कोल्हापूरकडचं आहे, कोकणातलं आणि गोव्यातलं आहे. त्याच सुमारास जयपूरला टोंक रोडवर चोखी ढाणी आली, आणि ‘गाव’ हा हॉटेलचा प्रकार झाला. पुण्यात नगर रोडला तिची शाखा निघाली आणि मराठी कुटुंबं दालबाटीवर तूप ओतून घेत ‘राम राम सा’ म्हणू लागली. चेन्नईजवळ मुट्टुकाडूला 1996 मध्ये दक्षिणचित्र सुरू झालं. देबोरा त्यागराजन यांच्या मद्रास क्राफ्ट फाउंडेशनने पाडायला निघालेली खरी घरं विकत घेतली, तुळई-तुळईला खुणा करून उतरवली आणि पुन्हा जोडली. तिथलं विणकराचं एक घर इलकलचं आहे, आपल्याकडच्या इरकलीचं माहेर. बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी 2009 मध्ये ‘गोवा चित्र’ उभं केलं ते पाडलेल्या जुन्या घरांची दारं-खिडक्या वापरून.

महाराष्ट्रातलं सगळ्यात गर्दीचं ठिकाण म्हणजे कोल्हापूरजवळ कणेरी मठाचं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय. सुमारे सात एकरांत सिमेंटचे तीनशेच्या आसपास पुतळे: मोट हाकणारा, भविष्य सांगणारा जोशी, हजामत करणारा न्हावी, बारा बलुतेदार आणि अठरा अलुतेदार. पुतळ्यांचं काम अफाट आहे. बैलाच्या मानेवरच्या घड्या, आजीच्या कानातल्या बुगड्या, जवळ जाऊन बघाव्यात. पण सगळे हसतमुख आणि आपापल्या कामात सुखी. बलुत्याचं धान्य खळ्यावर मोजताना व्हायची ती घासाघीस त्र्यं. ना. आत्र्यांच्या ‘गाव-गाडा’त 1915 सालीच नोंदलेली आहे. आणि गावकुसाबाहेरची वस्ती? 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी खेडं म्हणजे संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञानाची गुहा असल्याचं बजावलं होतं. हा एका कणेरीचा दोष नाही. वर आलेल्या बहुतेक ‘गावां’त पाणवठा एकच असतो, आणि तो सगळ्यांसाठी खुला असतो.

जेवणाकडे परत यायचं तर आज तिकिटाच्या रकमेत मोठा वाटा त्याचाच. 2020 मध्ये राज्याने कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, पण शेतकऱ्याच्या स्वतःच्या वाड्यावर हुरडा-पिठलं त्याआधीपासूनच मिळत होतं, आणि हा प्रकार मला सजवलेल्या खेड्यांपेक्षा जास्त पटतो. ज्वारी शेतातली असते, भाकरी थापणाऱ्या बाईचा मोबदला घरात राहतो. विचारायचं एवढंच की तेल घाणीचं आहे का आणि तांदूळ कुठला. बऱ्याचदा उत्तर येतं, डबा बाजारातून आणलाय. गंमत अशी की लाकडी घाणीचं तेल आता शहरातच जास्त खपतं, दुप्पट-तिप्पट भावाने.

वर्ध्याचं मगन संग्रहालय अजून चालू आहे. काचेमागे जुने चरखे आहेत, आणि त्याच संस्थेच्या कामात सेंद्रिय कापसाची, झाडापानांच्या रंगांत रंगवलेली खादी तयार होते. दुकानात ती मीटरवर मिळते. धुताना रंग थोडा उतरतो, तेव्हा पहिल्यांदा वेगळी भिजवावी.