पक्षाघाती माणसाची कथा आणि शुभवर्तमानांचे परस्परावलंबन

येशूने आजाऱ्यांना बरे केल्याच्या बऱ्याच कथा मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत (बायबलमधल्या येशूच्या चरित्रग्रंथांत) येतात आणि त्यांतले ग्रीक शब्दही पुष्कळदा तेच असतात. हे साम्य ऐकीव परंपरेतून आले, की एकाचा मजकूर समोर ठेवून दुसऱ्याने लिहिले, हा बायबल-अभ्यासातला जुना वाद. गालीलातल्या कफर्णहूम गावच्या पक्षाघाती माणसाची कथा (मार्क २:१–१२, मत्तय ९:१–८, लूक ५:१७–२६) त्यात हमखास पुढे केली जाते.

येशू रोग्याला तुझ्या पापांची क्षमा झाली आहे असे सांगतो आणि तेथे बसलेले शास्त्री, म्हणजे यहूदी धर्मशास्त्राचे जाणकार, मनात आक्षेप घेतात. कथेच्या या ऐन मोक्याला एक वाक्य तुटते. मनुष्याच्या पुत्राला (म्हणजे स्वतः येशूला) पापांची क्षमा करण्याचा अधिकार आहे हे तुम्हांला कळावे म्हणून, असे येशू शास्त्र्यांना म्हणतो, पण वाक्य पुरे होतच नाही. ‘तो पक्षाघाती माणसाला म्हणाला’ असे निवेदक मध्येच घालतो आणि पुढचे बोलणे थेट रोग्याशी सुरू होते. ही मोडतोड तिन्ही ग्रंथांत नेमकी त्याच जागी आहे. येशूचे वचन शिष्यांनी पाठ ठेवले असेल. निवेदकाचे अडखळणे कोण कशाला पाठ करील? येथे लिखित मजकूर मानण्यावाचून गत्यंतर नाही.

मग मूळ कोणाचे? मार्कमध्ये दाराशी गर्दी असल्याने चौघे जण छपरावर चढतात, ते उकरतात आणि रोग्याला खाली सोडतात. गालीलातली छपरे वासे, फांद्या आणि मातीची असत, तेव्हा ‘उकरणे’ अगदी चपखल बसते. लूकने तेथे कौले घातली. मत्तयाने छप्परच गाळले, तरी ‘त्यांचा विश्वास पाहून’ हे शब्द ठेवले. विश्वास दिसावा असे त्याच्या कथेत फारसे काही उरलेलेच नाही. मार्क वाचल्यावरच त्याचा उलगडा होतो.

मार्क सर्वांत शेवटी लिहिला गेला, त्याने इतर दोघांचे सार काढले, असे जर्मन अभ्यासक ग्रीसबाख यांनी अठराव्या शतकात मांडले होते. पण येथे मार्कची कथा १२ वचनांची आणि मत्तयाची ८ वचनांची. सार काढणाऱ्याचीच कथा लांब कशी? लाखमान (१८३५) आणि होल्ट्समान (१८६३) या अभ्यासकांनंतर मार्क आधीचा हे मत बहुतेकांनी स्वीकारले.

तेवढ्याने सगळे सुटत नाही. रोगी ‘बाजेवर’ होता आणि शेवटी ‘आपल्या घरी गेला’, हे शब्द मत्तय व लूक दोघांत आहेत, मार्कमध्ये त्या जागी नाहीत. दोघांनी फक्त मार्कवरून लिहिले असेल, तर हे शब्द दोघांत सारखे कसे आले? लूकने मत्तयही वाचला होता, असे फॅरर यांनी १९५५ मध्ये मांडले. इतर विद्वान योगायोगावर किंवा नकलकारांवर भार टाकतात.

योहानाच्या, म्हणजे चौथ्या शुभवर्तमानाच्या, पाचव्या अध्यायात यरुशलेमच्या तळ्याकाठी ३८ वर्षांच्या रोग्याला येशू ‘ऊठ, आपली बाज उचल आणि चाल’ असे सांगतो. हे वाक्य मार्क २:९ शी जवळजवळ शब्दशः जुळते. तरी स्थळ, प्रसंग, पात्रे सगळे वेगळे. गार्डनर-स्मिथ यांनी १९३८ मध्ये योहान इतर तिघांपासून स्वतंत्र असल्याचे प्रतिपादन केले. अलीकडे मात्र त्याला मार्क ठाऊक होता असे मानणारे वाढले आहेत. असे ठसठशीत वाक्य तोंडी परंपरेतूनही टिकू शकते, म्हणून एवढ्या एका पुराव्यावर निकाल देता येत नाही.