धुण्याचं यंत्र आलं आणि धुणं वाढलं

२४ जुलै १९५९. मॉस्कोत अमेरिकेचं प्रदर्शन भरलं होतं आणि त्यात एक अख्खं उपनगरी घर उभारलेलं होतं. अमेरिकेचे उपाध्यक्ष रिचर्ड निक्सन सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह यांना घेऊन त्या घराच्या स्वयंपाकघरापाशी थांबले. धुण्याच्या यंत्राकडे बोट दाखवून त्यांनी सांगितलं, की आमच्या गृहिणींचे कष्ट हलके व्हावेत म्हणून ही सोय. घास तोंडात घालून खाली ढकलणारं यंत्रही आहे का तुमच्याकडे, अशी ख्रुश्चेव्ह यांनी खिल्ली उडवली. भांडण दोन राज्यपद्धतींचं होतं. गृहिणींचे कष्ट खरंच हलके झाले का, हे तिथे कोण तपासणार?

ते तपासलं पंधरा वर्षांनी जोअॅन व्हॅनेक या समाजशास्त्रज्ञ बाईंनी. १९२०च्या दशकापासून अमेरिकेत गृहिणींकडून वेळेच्या नोंदी लिहून घेतल्या जात होत्या: सकाळी उठल्यापासून कोणत्या कामाला किती वेळ गेला. व्हॅनेक यांनी त्या जुन्या नोंदी १९६०च्या दशकातल्या नोंदींशेजारी ठेवल्या. नोकरी न करणारी गृहिणी १९२०च्या दशकात घरकामाला आठवड्याला सुमारे ५२ तास देत होती. मधल्या काळात नळ, वीज, फ्रिज, व्हॅक्यूम क्लीनर, धुण्याचं यंत्र सगळं आलं. १९६०च्या दशकात तिचे तास भरले ५५.

स्वयंपाक आणि भांड्यांचा वेळ कमी झाला होता, पण कपडे धुण्याचा चक्क वाढला होता. एका घाण्याला, म्हणजे एका वेळी धुवायच्या कपड्यांना, लागणारी मेहनत यंत्राने नक्कीच कमी केली, पण घाणे किती काढायचे हे यंत्र ठरवत नाही. पूर्वी पाणी तापवायचं, घासायचं, पिळायचं, आणि हे सगळं आठवड्यातून एकदा, सोमवारी. त्यामुळे कपडा खरंच मळल्याशिवाय धुण्यात पडत नसे. पलंगावरची वरची चादर खाली आणि खालची धुवायला, अशीही काटकसर चाले. बटण दाबून काम होऊ लागल्यावर सदरा एकदा अंगात घातला की धुण्यात, असा शिरस्ता पडला. वाफेची इंजिनं कमी कोळशात चालू लागली की एकूण कोळसा जास्तच जळतो, हे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम जेव्हन्स यांनी १८६५ साली दाखवून दिलं होतं. त्यातलाच हा प्रकार.

पण तेवढंच कारण नव्हतं, आणि मला दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंनी ते नीट उलगडलं आहे. यंत्र यायच्या आधी शहरातल्या बऱ्याच मध्यमवर्गीय घरांतलं धुणं बाहेर लाँड्रीत जाई किंवा धुणारी बाई घरी येई. यंत्राने ते काम पुन्हा घरात आणलं आणि एकाच बाईच्या गळ्यात घातलं. बाजाराचंही तसंच. वाणी माल घरपोच पाठवत असे, बर्फवाला दारात येई, डॉक्टरही घरी येत. मोटार आणि फ्रिज आल्यावर ही ने-आण गृहिणीकडे आली. व्हॅनेक यांच्या हिशेबात खरेदी आणि त्यासाठीची धावपळ आठवड्याला दोन तासांहूनही कमी होती, ती जवळजवळ एका पूर्ण कामाच्या दिवसाइतकी झाली.

उपनगरांची रचनाच अशी होती की यातून सुटका नव्हती. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांत १९४७ ते १९५१ या काळात लेव्हिट कंपनीने १७,४४७ घरं बांधली. १९४४च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकारी हमीवर कर्ज मिळत होतं. १९४९चं नवं घर ७,९९० डॉलरला आणि त्यात धुण्याचं यंत्र बसवूनच दिलेलं! सोबत अटीही होत्या: कुंपण घालायचं नाही, हिरवळ वेळेवर कापायची, कपडे ठरावीक फिरत्या दांडीवरच वाळत घालायचे आणि शनिवार-रविवारी तेही नाही. स्वतःचं घर आणि जमीन असलेला माणूस साम्यवादी होऊच शकत नाही, त्याच्यामागे कामं फार असतात, असं कंपनीचे प्रमुख विल्यम लेव्हिट म्हणत. त्यातली बरीचशी कामं घरातल्या बाईच्या मागे होती, हे मात्र ते म्हणाले नाहीत.

या घरांची दारं सगळ्यांना उघडी नव्हती. लेव्हिट कंपनी कृष्णवर्णीयांना घरं विकत नसे. पेन्सिल्व्हेनियात याच कंपनीने वसवलेल्या लेव्हिटाउनमध्ये १९५७ साली मायर्स हे कृष्णवर्णीय कुटुंब जुन्या मालकाकडून घर घेऊन राहायला आलं, तेव्हा जमावाने घरावर दगडफेक केली. गृहिणीचं हे ‘सुखी’ चित्र कुणाचं होतं, हे त्यावरून कळतं.

व्हॅनेक यांच्या नोंदींतला सगळ्यात बोलका आकडा वेगळाच आहे. नोकरी करणाऱ्या बायका घरकामाला आठवड्याला सुमारे २६ तास देत होत्या. म्हणजे निम्म्याहून कमी. त्यांच्याकडे नोकरचाकर जास्त होते किंवा नवरे जास्त हात लावत होते, असंही फारसं दिसलं नाही. मग गृहिणीचे उरलेले तास कशापायी? व्हॅनेक यांचा अंदाज असा, की नोकरीवालीच्या कष्टाचं मोल पगारात दिसतं. गृहिणीचं मोल कुठेच लिहिलं जात नाही, म्हणून ती ते तासांत दाखवते. हा अंदाज सिद्ध करणं अवघड आहे. लहान मुलं असलेल्या घराला लागणारा वेळ काही कुणाला दाखवण्यासाठी नसतो, आणि १९५७च्या सुमारास अमेरिकी बाईमागे सरासरी साडेतीनाहून जास्त मुलं होती.

पुढे तास उतरले. मुलांचं संगोपन आणि खरेदी वगळून मोजलं, तर १९६५ साली नोकरी करणाऱ्या आणि न करणाऱ्या सगळ्या अमेरिकी बायकांचं घरकाम आठवड्याला सरासरी ३० तास होतं, १९९५ साली साडेसतरा. यंत्रं १९६५लाही घरात होतीच. मधल्या तीस वर्षांत बायका मोठ्या संख्येने नोकरीला लागल्या, मुलं कमी झाली आणि इस्त्री, लादी, चकचकीत खिडक्या यांचा आग्रह सुटला. त्याच काळात पुरुषांचे तास पाचावरून दहावर गेले.